गुऱ्हाळ, फुटबॉल आणि तुझी डी.एन.बी.

कोल्हापूर,
रविवार दुपार

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस. मला जे बोलायचं आहे ते फोनवर नीट जमलंही नसतं, म्हणून लिहायला बसले. पप्पा शाहू स्टेडियमवर मॅच बघायला गेलेत, घरात कुणी नाही.

तू म्हणालीस, डी.एन.बी.च्या, म्हणजे एम.बी.बी.एस.नंतरच्या शिक्षणाच्या, नव्या बॅचची ओळख झाली. प्रत्येकानं उठून गाव, आधी काय केलं आणि आवड कशाची ते सांगायचं होतं. एक जण सैन्यात नोकरी करून आलेला, लडाखला राहिलेला. एक ताई दोन पोरं शाळेत रांगेला लावून मगच पुन्हा पुस्तकांकडे वळलेली. ओडिशाची एक मुलगी आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रात एकटीनं बाळंतपणं करून आलेली. केरळचा एक जण, घरात आजोबांपासून डॉक्टरकी, शिवाय मृदंग वाजवतो. ऐकताना मला किती बरं वाटलं! आणि तू काय सांगितलंस? ‘कोल्हापूर. आवड, वाचन.’ मी विचारलं, गुऱ्हाळाचं सांगितलं नाहीस? फुटबॉलचं? तर म्हणालीस, ‘आई, तिथं सगळे एवढे भारी, त्यात मी गुऱ्हाळाचं काय सांगत बसू?’

सोनू, हे मला पटलेलं नाही. तू हाडांची किंवा डोळ्यांची डॉक्टर होणार असतीस तर मी गप्प बसले असते. पण तू फॅमिली मेडिसिन, म्हणजे अख्ख्या घराचं सगळं दुखणं बघायची शाखा, घेतलं आहेस. या शाखेत डॉक्टर कुठून आला आणि त्याला कशाकशात रस आहे, हे त्याच्या स्टेथोस्कोपइतकंच रोज उपयोगी पडतं. हे मी नोकरीत डोळ्यांनी बघितलेलं आहे.

तालुक्याच्या ज्या दवाखान्यात मी होते तिथं डॉक्टर येत आणि जात. कुणी सरकारी सेवेच्या बंधपत्राचं एक वर्ष भरून काढायला, कुणी पी.जी.ची तयारी करत करत. सगळे एकाच अभ्यासक्रमातून आलेले, पण ओ.पी.डी.त बसल्यावर प्रत्येकाचा हात वेगळा. एकदा ऊसतोडीच्या टोळीतला एक माणूस उचलून आणला. बीडकडचा होता, फडातच घेरी येऊन पडलेला. घामानं निथळत होता, हात थरथरत होते. साखर बघितली तर पार खाली गेलेली. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आला. त्याच्या खिशात डायबेटिसच्या गोळ्यांचं पाकीट होतं, ग्लिमेपिराइड, वर कुणीतरी पेनानं लिहिलेलं, ‘सकाळी नाश्त्याआधी एक’. त्या दिवशीचे डॉक्टर स्वतः शिरोळकडचे, उसाच्याच गावचे. त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘फडावर किती वाजता जातोस?’ तो म्हणाला, पहाटे चारला. ‘आणि भाकरी?’ अकराला, गाडी भरल्यावर. म्हणजे हा माणूस पहाटे गोळी घेत होता आणि सात तास कोयता चालवून मग पहिला घास खात होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं पुस्तकाप्रमाणे काही चुकलं नव्हतं. त्याला टोळीचा दिवस माहीत नव्हता, एवढंच. आमच्या डॉक्टरांनी गोळी अकराच्या भाकरीला जोडली, मुकादमाला बोलावून दोन शब्द सांगितले, आणि खिशात कायम गुळाचा खडा ठेवायला लावला.

तुला हा प्रश्न कुणी शिकवावा लागणार नाही. तू रस उकळायच्या मोठ्या काहिलीच्या कडेला बसून गृहपाठ केलास. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं सारणाऱ्या मामांचा खोकला तू बारा महिने ऐकलास, रस उकळताना कुणाच्या हातावर उडाला की घरातली कोरफड आणायला तूच पळायचीस. (नळाखाली हात धरायला हवा होता हे तुला आता कळतं, पण पळत गेलीस ते महत्त्वाचं.) गूळ बनवणाऱ्या गुळव्याला हंगामात झोप किती आणि जेवण कधी, हे तुला तोंडपाठ आहे. इटलीत रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी १७०० साली लिहून ठेवलं की रोग्याला बाकीचे प्रश्न विचाराल तेव्हा ‘तुझा धंदा काय’ हेही विचारा. तीनशे वर्षं झाली तरी गर्दीच्या ओ.पी.डी.त तो प्रश्न राहूनच जातो. तुझ्याकडून तो राहणार नाही, कारण तुझ्या घरातच धंदा आणि दुखणं एका छपराखाली होतं.

आता दुसरी बाजूही लिहिते. गावाकडचा म्हणजे चांगलाच, असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे एक डॉक्टर होते, अगदी लहानशा वाडीतून शिकून वर आलेले. हुशार होते, हाताला यश होतं. पण आपण कुठून आलो हे कुणाला कळू नये याची त्यांना सतत धास्ती असायची. एखादी म्हातारी त्यांच्याच गावाकडच्या बोलीत बोलायला लागली की त्यांचा आवाज चढायचा. ‘नीट सांगता येत नाही का?’ म्हणून खेकसायचे. मला आधी वाटायचं, स्वभाव असेल. पुढे लक्षात आलं की ती म्हातारी त्यांना आरशासारखी वाटायची आणि त्यांना तो आरसा नको होता. जो डॉक्टर आपलं गाव लपवतो तो त्या गावच्या पेशंटला जवळ करू शकत नाही. तुझं ‘काय सांगत बसू’ ऐकलं आणि मला तेच डॉक्टर आठवले. म्हणून जीव कळवळला, दुसरं काही नाही.

आणि उलटंही बघितलं. मुंबईत वाढलेली एक मुलगी आली होती. भात आणि नाचणीचं शेत तिला वेगळं ओळखता यायचं नाही. पण तिला स्वयंपाकाची भारी आवड. बायका तपासताना ती विचारायची, ‘आमटीला वाटण कशाचं? तांबडा रस्सा करता तेव्हा तेल किती पडतं?’ बायका खुलायच्या. बोलता बोलता तिला घरातलं मीठ, तेल, साखर, कोण आधी जेवतं आणि कोण उरलेलं खातं, सगळं कळायचं. रक्तदाबाच्या पेशंटला ‘मीठ कमी करा’ सगळेच सांगतात. ती सांगायची, ‘खर्डा आणि लोणचं दोन्ही एकाच ताटात घेऊ नका, एक दिवस हे, एक दिवस ते.’ बायका ते पाळायच्या. तेव्हा जन्म कुठं झाला हे काही सगळं ठरवत नाही. ज्याला कशाची तरी मनापासून आवड आहे तो त्या वाटेनं लोकांच्या घरात शिरतो.

तुझी वाट फुटबॉलची आहे, आणि तीही तू गिळून टाकलीस! कोल्हापूरच्या पोरीनं! मंगळवार पेठेतला तो मुलगा घोटा धरून बसला होता, आठवतं? सगळे म्हणत होते, एक्स-रे काढा. तू घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवरून आणि टोकावरून अंगठा फिरवत दाबून बघितलंस, मग त्याला चार पावलं चालायला लावलंस. हाड दुखत नव्हतं, तो चालला. तू पाऊल चाचपलंस, बर्फ आणि पट्टी सांगितलीस आणि त्याच्या आईचे पैसे वाचवलेस. रात्री मला समजावलंस की कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली एक्स-रे कधी लागतो याचे हे नियम मांडले. नियम तुझ्या वर्गातल्या सगळ्यांनी वाचले असतील. पण तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांनी पाय तुझ्या हातात दिला, कारण तू त्यांच्याबरोबर ग्राउंडवर ओरडत होतीस. उद्या त्यातलाच एखादा दारूचं किंवा नैराश्याचं सांगायला येईल तो याच ओळखीवर येईल.

तू सुट्टीत आणलेल्या पुस्तकांतली दोन माणसं माझ्या डोक्यात राहिली आहेत. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधले पिकल्स हे खेड्यातले डॉक्टर. १९२९ साली त्यांच्या खोऱ्यात काविळीची साथ आली. कोण कुणाकडे पाहुणा गेला, कोण जत्रेला होतं, कुणाची पोरं एका बाकावर बसतात, हे त्यांना माहीत होतं. त्या ओळखीच्या जोरावर त्यांनी कुणाला कुणाकडून लागण झाली आणि किती दिवसांनी कावीळ दिसली हे जुळवलं. मोठ्या प्रयोगशाळेला न दिसलेलं त्यांना ओ.पी.डी.च्या वहीतून दिसलं. १९५२ साली तिकडे जनरल प्रॅक्टिशनर्सचं कॉलेज स्थापन झालं आणि पहिले अध्यक्ष हेच झाले. मला वाचताना २०१२ ची इचलकरंजीची कावीळ आठवत होती. पंचगंगेकाठच्या गावांत कुठल्या गल्लीला कुठलं पाणी येतं, हे ठाऊक असलेला डॉक्टर अशा वेळी किती मोलाचा!

दुसरे बॅलिंट. बुडापेस्टमधल्या एका साध्या जनरल प्रॅक्टिशनरचा मुलगा, वडिलांबरोबर पेशंटच्या घरी जायचा. पुढे मानसोपचाराकडे वळला, आणि १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांना गोलात बसवून त्यांना अवघड वाटणाऱ्या पेशंटबद्दल बोलतं करायला लागला. त्यांचं म्हणणं असं की जनरल प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे स्वतः डॉक्टर. हे खरं असेल तर त्या औषधात काय काय आहे हे तुला माहीत हवं. तुझ्यात गुऱ्हाळाची धग आहे, पुराच्या पाण्यात घर सोडल्याची आठवण आहे, बोलीभाषा आहे. २०१९ च्या पुरानंतर तू छावणीत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरलीस, लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून. घर सोडून आलेल्या बाईशी काय बोलायचं हे तुला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली सरकारांना सांगितलं की खेड्यापाड्यांत डॉक्टर टिकायला हवे असतील तर खेड्यातून आलेल्या मुलांना वैद्यकीय शिक्षणात मुद्दाम जागा द्या. देशोदेशीच्या अभ्यासांत हेच दिसतं, गावात वाढलेला डॉक्टर गावात राहायची शक्यता जास्त. आपल्याकडे शाहू महाराजांनी ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वी दाखवली होती. कृष्णाबाई केळवकरांच्या डॉक्टरकीच्या शिक्षणाला त्यांनी पाठबळ दिलं, आणि त्या परत येऊन इथल्याच बायकांसाठी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सी.पी.आर.मध्ये, उभ्या राहिल्या. त्यांची आई मुलींच्या शिक्षणाचं काम करायची. आई शिकवणारी, मुलगी बरं करणारी. सी.पी.आर.वरून जाताना दर वेळी मला त्या दोघींचा अभिमान वाटतो.

काका अजून विचारतात, ‘पोरगी स्पेशालिस्ट कधी होणार?’ मी त्यांना सांगितलं, एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षं, मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, लहान मुलं, कॅज्युअल्टी सगळीकडे फिरून शिकायचं, प्रबंध लिहायचा, परीक्षा द्यायची. मग स्पेशालिस्ट नाही तर काय? त्यांना अजून पटलेलं नाही. पटेल तेव्हा पटेल.

तेव्हा माझं ऐक. पुढच्या आठवड्यात तुम्ही एकत्र बसाल तेव्हा गुऱ्हाळाचं सांग. काहील, गुळव्या, चुलवाण, सगळं. त्या मृदंगवाल्या मुलालाही विचार, बोटांचं दुखणं घेऊन वादक येतात का, आणि लडाखच्या डॉक्टरांना विचार की तिथं एकटं असताना कुणाला फोन करायचे. तुम्ही एकमेकांकडून जे शिकाल ते वर्गात मिळायचं नाही.

प्रबंधाचा विषय अजून ठरला नाही म्हणालीस. तुझे गाइड हो म्हणाले तर एक बघ, गुऱ्हाळावर धुरात काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांचं. आपल्या भागातली बरीच गुऱ्हाळं पप्पांच्या ओळखीची आहेत, माणसं तुझ्याशी मोकळेपणानं बोलतील. हंगाम सुरू झाल्यावर यावं लागेल, तेव्हा सुट्टीचं आधीच बोलून ठेव. फुफ्फुसांची ताकद मोजायचा स्पायरोमीटर कुठून मिळतो ते मी इथं आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारते. काय ठरलं ते बुधवारपर्यंत कळव.

तुझी,
आई