गाणं छापलंत, काम राहून गेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला रेव्हरंड क्लेमेंटा पिंकनी यांच्यावरचा लेख वाचला. दहा वर्षांनी का होईना, सातासमुद्रापारच्या, अमेरिकेत चर्चमध्ये हत्या झालेल्या एका पाळक-आमदाराची आठवण आपल्या बेळगाव आवृत्तीला झाली, त्याबद्दल आधी आभार मानतो. आता तक्रार. अर्धा लेख मारेकऱ्यावर, उरलेला अंत्यविधीत ओबामांनी गायलेल्या गाण्यावर, आणि फोटोसुद्धा ओबामांचाच! ज्यांचा स्मृतिदिन त्यांनी अठरा वर्षं विधिमंडळात बसून काय केलं, याबद्दल एक ओळ नाही. खुर्च्या उबवल्या असं वाचकाने समजायचं काय?

ओबामा त्या दिवशी, म्हणजे २६ जून २०१५ ला, नुसते गायले नाहीत हो. अर्ध्या तासाहून जास्त बोलले. पिंकनींचा मतदारसंघ म्हणजे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून न पाहिलेला, गरिबीने गांजलेला, शाळांची दैना झालेला मुलूख, हे त्याच भाषणात आहे. कधी कधी सभागृहात त्यांचं मत एकट्याचंच पडायचं, हेही आहे. ते सगळं गाळून आपण तेवढं गाणं घेतलंत. गाणं ऐकायला मोबाइल आहे आमच्याकडे.

मीच सांगतो. तेराव्या वर्षी प्रवचन देणारा हा मुलगा तेविसाव्या वर्षी, १९९६ साली, साउथ कॅरोलायनाच्या खालच्या सभागृहात निवडून आला आणि २००० साली राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात गेला. एप्रिल २०१५ मध्ये नॉर्थ चार्ल्सटनला वॉल्टर स्कॉट या कृष्णवर्णीयाला पळत असताना पोलिसाने पाठीमागून गोळ्या घातल्या. रस्त्यावरच्या एकाने मोबाइलवर टिपलं म्हणून खरं बाहेर आलं. पोलिसांच्या अंगावर कॅमेरे हवेत, या विधेयकासाठी पिंकनी सिनेटमध्ये उभे राहिले आणि त्यांनी दाखला कुणाचा दिला, तर थोमाचा. येशूच्या जखमा डोळ्यांनी पाहीन तेव्हाच विश्वास ठेवीन म्हणणारा तो शिष्य. पाळकाचं शास्त्र आणि आमदाराचं काम एका भाषणात असं बसलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. १० जूनला त्या कायद्यावर राज्यपालांची सही झाली आणि १७ जूनच्या बुधवारी संध्याकाळी स्वतःच्याच चर्चमध्ये, बायबल अभ्यासाला बसलेले असताना, आठ जणांसह त्यांची हत्या झाली. त्या दिवशीही राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला, सिनेटचं काम उरकून जवळपास १८० किलोमीटर गाडी हाकत ते परत आले होते. यातलं काही छापायला जागा नव्हती?

आणि झेंड्याची गोष्ट. सीमाभागातल्या वाचकाला ती न सांगता लेख संपवलात, याचं तर मला नवलच वाटलं. झेंड्याचं राजकारण आम्हाला शिकवावं लागत नाही, महापालिकेवरून जाता-येता दिसतं. २४ जूनला पिंकनींची शवपेटी घोडागाडीतून विधानभवनात आणली. घुमटावरचे दोन्ही झेंडे अर्ध्यावर उतरवलेले. आवारातला कॉन्फेडरेट झेंडा, गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्यांचा, तो मात्र पूर्ण उंचीवर फडकत होता. का, तर २००० सालच्या कायद्याने दोन-तृतीयांश मतांशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. सभागृहात त्यांच्या बाकावर काळं कापड आणि गुलाब, आणि बाहेर तो झेंडा. पुढे खालच्या सभागृहात ९४ विरुद्ध २० मतं पडली तेव्हा कुठे १० जुलैला तो उतरला.

आमच्याकडे उतरवायला एवढा वेळ लागत नाही. तासाभरात काम होतं. गेल्या श्रावणात आमच्या गावचे पाळकसाहेब वारले. मी त्यांच्या मंडळीतला नव्हे, माळकरी घरातला आहे, पण त्यांच्या मयतीला अर्धं गाव होतं त्यात मीही होतो. ते पालिकेत एक टर्म अपक्ष निवडून आले होते. आमच्या आळीत घरोघरी विड्या वळतात. नळ सुटायचा मध्यरात्री. दिवसभर पानं कातरून, विड्या वळून बोटं आखडलेल्या बायका रात्री घागरी मांडून जागत बसायच्या. पाळकसाहेबांनी प्रत्येक सभेत तो एकच विषय लावून धरला, पाण्याची वेळ बदला. बाकीचे नगरसेवक हसायचे, “आलं बघा पाळकांचं पाणी!” शेवटी वेळ संध्याकाळी सहावर आणूनच त्यांनी सोडली. आजही सहालाच सुटतो.

सही घ्यायला त्यांच्याकडे जावं लागायचं नाही, तेच यायचे. धारवाडकडे काही वर्षं सेवा केल्यामुळे त्यांचं कन्नड असं होतं की कचेरीतला कारकूनसुद्धा अर्ज वाचून मान वर करायचा. विडी कामगारांची ओळखपत्रं, पीएफचे कागद, विधवा पेन्शन, सगळे अर्ज त्यांच्या हातचे. निळ्या शाईचं पेन, आणि लिहिता लिहिता त्या बाईला मराठीत एकेक ओळ समजावून सांगायची पद्धत. “हितं अंगठा नको, नाव लिवा. येतंय की तुम्हाला.” माझ्या आईच्या पेन्शनचा अर्जही त्यांनीच लिहिला. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. साखर होती म्हणा त्यांना.

तर शोकसभेचा डिजिटल बोर्ड आम्ही चौकात लावला. फोटो, नाव, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘समस्त नागरिक’. तासाभरात एका कार्यालयाची माणसं शिडी घेऊन हजर. “बोर्डावर कन्नड कुठाय हो?” म्हटलं, साहेब, साठ टक्के कन्नडचा नियम दुकानं, हॉटेलं, दवाखान्यांच्या पाट्यांना आहे. गेलेला माणूस काय विकायला बसलाय? शिडीवरचा पोरगा ओशाळला, त्याच्याही चुलतीचा अर्ज पाळकसाहेबांनीच लिहिलेला. पण खालच्याने दोरी कापायला लावलीच. बोर्ड गुंडाळून टेम्पोत टाकला, फोटोची घडी पडली. ज्या माणसाने अख्ख्या आळीचं कन्नड लिहिलं, त्याचा बोर्ड कन्नड नाही म्हणून गेला. त्यावर आमच्यातल्याच काही उत्साही मंडळींनी शोकसभेत दीड तास सीमाप्रश्नावर भाषणं ठोकली. मी स्वतः १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालणारा माणूस आहे, मला कुणी निष्ठा शिकवू नये. पण त्या दीड तासात पाण्याच्या वेळेचा विषय एकानेही काढला नाही. मागे बसलेल्या विडीवाल्या बायका हळूहळू उठून गेल्या. त्यांना बोलू द्यायचं तर कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता आपल्याकडे येतो, कारण आपणही सुटत नाही. या शोकसभेची बातमी मी स्वतः लिहून, फोटोसह, आपल्या प्रतिनिधींच्या हातात दिली होती. छापून काय आलं? निधन वार्तेत पाच ओळी, ‘पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. नगरसेवक होते हेही नाही. त्याच पानावर एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचं अर्धं पान, गॉगलसकट. ती जाहिरात असते, पैसे येतात, कळतं मला. कागद महाग झालाय, तेही कळतं. पण पाचाच्या आठ ओळी करायला किती कागद लागला असता?

आणखी एक. पावसाळा सुरू झाल्यापासून अंक रोज भिजून येतोय. पोराला विचारलं तर म्हणतो, प्लॅस्टिक वरूनच येत नाही. कालचा पिंकनींचा लेख मी तव्यावर वाळवून वाचला.

पाळकसाहेबांचं वर्षश्राद्ध म्हणता येणार नाही, त्यांच्यात स्मृतिदिनाची उपासना असते. ती श्रावणात येईल. त्या वेळी आळीतल्या दोन-तीन बायकांना भेटायला आपला प्रतिनिधी पाठवावा, पत्ता मी देतो. संध्याकाळी सहाच्या आत यावं, नंतर त्या पाण्यात असतात. आणि मागच्या वर्षी दिलेला फोटो परत करावा. त्यांच्या घरात तेवढा एकच चांगला होता.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(चिक्कोडी-निपाणी भाग)