तुझा नंदी अजून माझ्याकडेच आहे बे

प्रिय दोस्ता,

काय बे, परवा फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हणाला "यंदा सणावाराचं काय काय झालं ते सगळं सांग", आणि मी पोळ्यापासून सुरू केलं तं दोनच मिनिटांत "थांब, मीटिंग आहे" म्हणून कट. मंग म्हटलं लिहूनच काढतो, रविवार आहे, बायको माहेरी गेली आहे, बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापून राहिलं आहे.

पहिली बातमी तुझ्या नंदीची. हव, तोच, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला ओढायचा सागवानी लाकडी बैल, एक शिंग चपटलेलं. तुम्ही नागपूरच्या महालातलं घर सोडून पुण्याला गेले तेव्हा टेम्पोत जागा नाही म्हणून काकूंनी आमच्याकडे ठेवला होता, "पुढच्या वर्षी नेतो" म्हणून. नऊ वर्षं झाली. यंदा माझी पोट्टी सहा वर्षांची झाली आणि माळ्यावरून तिनेच शोधून काढला. तान्ह्या पोळ्याच्या काही दिवस आधी पाहतो तं मागचं एक चाक गायब. आता चाक कुठून आणायचं? चितार ओळीत गेलो, तिथे नवीन नंदींची रांग लागलेली, हातभर लांबीच्याची किंमत ऐकली आणि पुढचं ऐकायची हिंमतच नाही झाली. शेवटी गल्लीतल्या सुतारानं एक चाक बसवून दिलं, पण ते जरा मोठं झालं, त्यामुळे तुझा नंदी आता लंगडत चालते. पोट्टी म्हणते तो नाचून राहिला आहे.

झूल, बेगड, घुंगरू, सगळा नट्टापट्टा करून घरोघरी फिरलो. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या पोरांना देतात ते पैसे, किती जमला माहीत आहे का? तीनशे चाळीस रुपये! आपल्या वेळी चार आणे आठ आणे मिळायचे आणि त्यातही तू हिशोबात चाट मारायचा. दहाची नोट देणारे फार कमी राहिले, एका आजोबांनी तं विचारलं "बेटा, स्कॅन करू का?" मी हसून हसून लाल.

मोठ्या पोळ्याला आम्ही मामाच्या गावी होतो, उमरेडकडे. आदल्या दिवशी खांदमळणी झाली, बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून मामा त्याच्या कानात म्हणाला "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या". पण बैल किती, तं एक जोडी. बाकी तोरणाखाली धुतलेले ट्रॅक्टर उभे, त्यांनाही हार. झडत्या, म्हणजे पोळ्यातली गाणी, मात्र तशाच, "एक नमन गौरा पार्वती" म्हटलं की सगळं गाव "हरबोला हर हर महादेव".

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. तू पुण्यातल्या लोकांना मारबत समजावून सांगू शकत नाही म्हणाला होता ना, मलाही नाही जमत यार. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, म्हणजे इंग्रजांच्या नाकावर टिच्चून निघायच्या. काळी म्हणजे भोसल्यांची राणी बाकाबाई, जी इंग्रजांना मिळाली म्हणतात. आणि पिवळी रोगराई घेऊन जायला. मागे बडगे, बांबू-कागदाचे पुतळे, गळ्यात फुटक्या बाटल्या, जुने टायर, मोडके झाडू. यंदाही महागाई, खड्डे, पेपरफुटी, सगळ्यांचे बडगे होते, आणि आम्ही नेहरू पुतळ्याजवळ त्याच ओट्यावर, जिथून तू नालीत पडला होता. काळी-पिवळी समोरासमोर आल्या की जी आरोळी उठते ना, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत", ती छातीत वाजते, कानात नाही. आई दारातल्या पळसाच्या मेढी, म्हणजे फांद्या, काढून घेऊन आली होती, वय सत्तर, गर्दीत धक्के खात, ऐकत नाही.

बाकाबाईचं मला यंदा जरा वेगळंच वाटलं. बघ ना, तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी राजांचा, म्हणजे भोसल्यांच्याच वाड्यातला. पितृपक्षात हाडपक्या गणपती बसतो तोही वाड्याचा, बंगालच्या स्वारीवरून फौज परतली तं गणपतीचं विसर्जन होऊन गेलेलं, मंग पितृपक्षातच बसवला आणि मस्करी, लावण्या, खडी गंमत. ताजुद्दीन बाबांना पागलखान्यातून शक्करदऱ्याच्या महालात आणणारे राजेही भोसलेच, आणि आई अजून गुरुवारी ताजबागला, बाबांच्या दर्ग्यात जाते, येताना इलायचीदाणा आणते, वर्षभर पुरतो. म्हणजे आपले अर्धे सण या एका घरानं दिले, आणि त्याच घरच्या बाईला आपण दरवर्षी मिरवून जाळतो! मी हे आईला म्हटलं तं म्हणाली, "घरची होती म्हणूनच तं राग आहे." बोलती बंद.

आणि ते बंगालचं. धंतोलीला बंगाल्यांच्या दुर्गापूजेला यंदाही गेलो, भोगाची खिचडी खायला, खोटं काहून बोलू. तिथे ओळीत एक बंगाली काका भेटले, त्यांचे पणजोबा बंगाल नागपूर रेल्वेत नोकरीला आले ते इथलेच झाले. मी नागपूरच्या महालातला म्हटल्यावर म्हणतात, "म्हणजे तुम्ही बर्गी, बंगाल लुटणारे मराठा स्वार! माझी आजी तुमचं नाव घेऊन आम्हाला झोपवायची." आणि स्वतःच्या हातानं मला दुसऱ्यांदा खिचडी वाढली. मी तं लाजून चटणीकडेच पाहत राहिलो.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, रात्री अकराला पोट्टी झोपेना म्हणून तिला घेऊन दीक्षाभूमीला गेलो. गाडी बजाजनगरात लावली, पुढे पायीच. तुला माहीत आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली तेव्हा दसराच होता, म्हणून दसऱ्यालाही गर्दी, चौदा तारखेलाही. फुटपाथवर प्लास्टिकच्या ताडपत्र्या टाकून नांदेड, लातूर, परभणीची माणसं झोपलेली, उशाला भाकरीची गाठोडी. आणि पुस्तकांचे स्टॉल रात्री अकरालाही भरलेले, दुसरीकडे कोणत्या यात्रेत असं दिसते सांग. एका स्टॉलवर एक म्हातारी, हिरवं लुगडं, माझ्या हातात पुस्तक देऊन म्हणते, "बाबू, हे बावीस प्रतिज्ञांचं आहे ना? मले वाचता येत नाही, नातवासाठी घेऊन राहिली." मी मुखपृष्ठ वाचून दाखवलं. मंग म्हणे आतलं पण वाच एक पान. वाचलं. पोट्टी माझ्या खांद्यावर, म्हातारी मान हलवत, मागून लोक धक्के देत, दुकानदार वैतागलेला. पंधरा रुपये तिनं कमरेच्या पिशवीतून मोजून दिले आणि पोट्टीच्या हातात एक लाडू ठेवला, राजगिऱ्याचा.

बरं, दिवाळीला तू येत नाहीस हे कळलं, तिकिटाचं कारण सांगू नको, ट्रेन तुझ्यासाठीच भरते का. पण बोजाऱ्याचा हिशोब पक्का आहे. एकशे सत्तर पोट्टीचे, एकशे सत्तर नंदीच्या मालकाचे, डब्यात वेगळे ठेवले आहेत आणि तिनं वर चिठ्ठी चिकटवली आहे, "काकाचे". ऑनलाइन पाठवू का विचारलं तं म्हणाली नाही, काकानं स्वतः येऊन न्यायचे आणि नंदीचं दुसरं चाकही मोठं करून आणायचं. काकूंना नमस्कार.

तुझाच
महालातला बर्गी