टेंट नेला, पण खुंट्या मोजल्या नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

थंडी पडली की तुमच्या पुरवणीत कॅम्पिंगची पानं सुरू होतात, पवनेच्या काठचे रंगीत तंबू, शेकोटी, गिटार, फोटो एकदम झक्कास. पण सोबत काय न्यायचं याची एक ओळ नसते. म्हणून आमची फजिती कळवतोय.

गेल्या डिसेंबरात मी, मुलगी आणि भाचा पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर गेलो. टेंट भाड्याचा, दुकानदाराने पिशवी दिली ती आम्ही न उघडता तशीच गाडीत टाकली. वर जाऊन बघतो तर खुंट्या चारच आणि बाहेरचं कव्हर ताणायची दोरी एकही नाही. आतला तंबू कसाबसा उभा राहिला पण कव्हर वाऱ्याने असं फडफडायला लागलं की शेवटी भाच्याने बुटाच्या नाड्या काढून ते दगडांना बांधलं. आता मी टेंट आणला की आधी गच्चीत उभा करून बघतो, शेजारी हसतात, हसू देत. दोरी बोहरी आळीत स्वस्तात मिळते, दहा मीटर जास्तीची सॅकमध्ये असूच द्या, कातळावर खुंटी ठोकताच येत नाही तिथे तीच कामाला येते.

दुसरं म्हणजे खालून लागणारी थंडी. गड १४२४ मीटरवर, आपलं पुणं साधारण ५६० मीटरवर, म्हणजे सरासरी हिशोबाने पाच-सहा डिग्रीचा फरक आणि वर वारा वेगळाच. स्लीपिंग बॅग चांगल्या होत्या तरी पाठ गारठली, कारण अंगाखाली बॅगेतलं भरण दाबलं जातं आणि जमीन सगळी ऊब ओढून घेते. फोमची मॅट नसेल तर योगा मॅट न्या, घरातली जाड सतरंजी दुहेरी घाला, पण खाली काहीतरी पाहिजेच. आम्ही गारठलो म्हणून तंबूची चेन गच्च लावून झोपलो आणि पहाटे वरून टपटप थेंब, मुलगी म्हणे बाबा टेंट गळतोय! गळत काही नव्हता, आमच्याच श्वासाची वाफ होती. जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवायची असते हे तेव्हा कळलं. (शेजारच्या तंबूतली पोरं निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन निघाली होती, त्यांना ओरडून थांबवलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.)

ताडपत्री तंबूखाली घालताना कडा बाहेर ठेवू नका, पावसाचं पाणी त्यावर साचून थेट खाली येतं. अंथरूण-कपडे आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये. आणि टॉर्च डोक्याला लावायची घ्या, मोबाइलची बॅटरी थंडीत आधीच लवकर उतरते, त्यात एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने खुंटी ठोकून बघाच एकदा.

सांगायचं हे की जागेच्या फोटोशेजारी सामानाची एक चौकट छापा ना. जागा कमी पडत असेल तर गिटारचा फोटो वगळा, आमच्या शेजारच्या पोरांकडे स्पीकर दोन होते आणि टॉर्च आमची मागितली.

– आपला एक वाचक, कोथरूड, पुणे