इओसिनोफिल वाढले म्हणजे अ‍ॅलर्जीच, असं छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला जंतांवरचा लेख वाचला, रात्री पुन्हा काढून वाचला, आणि झोप उडाली. लेखातलं बरंचसं बरोबर आहे, भाषाही सोपी आहे. पण ‘रक्तात इओसिनोफिल वाढलेले दिसले की बहुधा अ‍ॅलर्जी असते, स्टेरॉइडच्या छोट्या कोर्सने ते खाली येतात’ हे वाक्य असं मोकळं सोडायला नको होतं. याच समजुतीपायी माझे वडील, आप्पा, गेले.

मी ३१ वर्षं लॅबमध्ये स्लाइड वाचल्या. इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी, एकदा पाहिली की विसरत नाही. नारिंगी-गुलाबी दाण्यांनी गच्च भरलेली पेशी, मध्ये केंद्रकाचे दोन गोळे, चष्म्याच्या काचांसारखे. आप्पांच्या स्लाइडवर त्या जागोजाग दिसायच्या. मायक्रोलिटरला ५०० च्या आत हव्यात, त्यांच्या १,८०० होत्या आणि चार-पाच वर्षं आकडा तिथेच घुटमळत होता. ‘अ‍ॅलर्जिक प्रकृती’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मीही.

अधूनमधून त्यांच्या मांडीवर, कमरेवर लाल, खाजरी रेघ उठायची. आम्ही म्हणायचो, पित्त उठलंय. एकदा सकाळी त्यांनी बॉलपेनने रेघेच्या टोकाशी खूण केली आणि दुपारी मला हाक मारून दाखवलं. रेघ खुणेच्या चार बोटं पुढे गेली होती. पित्त असं एका दिशेने चालत जात नाही. कातडीखालून सरकणारी ती अळी होती, स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताची. पण हे मला फार उशिरा कळलं.

हा जंत मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. बहुतेक जंतांची अंडी बाहेर पडतात आणि पुढची वाढ बाहेरच होते. याच्या काही अळ्या मात्र बाहेर न जाता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून त्याच माणसात परत शिरतात. त्यामुळे नवा संसर्ग न होताही तो वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात कैदेत राहिलेल्या सैनिकांच्या अंगात तो कित्येक दशकांनी सापडला आहे.

तुमच्या लेखात ‘जंत आणि शरीर यांच्यात तह होतो’ असं म्हटलंय. होतो. पण तो राखायला शरीर रोज झटत असतं. जंत इतका मोठा, की कुठलीच पांढरी पेशी त्याला गिळू शकत नाही. मग शरीर वेगळी फळी उभारतं. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-५ हा रासायनिक निरोप सोडतात, त्या निरोपावर अस्थिमज्जेत इओसिनोफिल तयार होतात आणि अळीला चिकटून आपले विषारी दाणे तिच्यावर रिते करतात. आयजीई नावाची अँटिबॉडी वाढते, आतडं जास्त चिकट स्राव सोडतं, जोराने हलतं. याने जंत संपतोच असं नाही, पण आटोक्यात राहतो. आप्पांचे ते १,८०० इओसिनोफिल या कामावर होते.

पुढे त्यांना धाप लागू लागली. दमा म्हणून स्टेरॉइड सुरू झालं. तीन आठवड्यांनी आकडा ४० वर आला आणि रिपोर्ट हातात घेऊन मला आनंद झाला. तो आनंद मला आजही सलतो. पहारा उठला होता आणि अळ्यांना रान मोकळं मिळालं होतं. महिन्याभरात त्या फुप्फुसात पोचल्या, आतड्यातले जिवाणू सोबत घेऊन रक्तात शिरल्या. अतिदक्षता विभागातल्या टेक्निशियन मुलीने मला बोलावून त्यांच्या थुंकीची स्लाइड दाखवली. भिंगाखाली अळी वळवळत होती. आयव्हरमेक्टिन हे या जंतावरचं औषध सुरू झालं, पण नवव्या दिवशी आप्पा गेले.

म्हणून सांगते, इओसिनोफिल बरेच दिवस वाढलेले असतील तर स्टेरॉइडची चिठ्ठी लिहिण्याआधी या जंताचा विचार व्हायलाच हवा. शौचाचा एक नमुना निर्मळ आला म्हणून थांबू नये, अळ्या रोज पडत नाहीत. अनेक नमुने बघावेत, शिवाय रक्तात अँटिबॉडीची तपासणी करता येते. आणि ‘अल्बेंडाझोलची एक गोळी, सगळे जंत साफ’ ही चौकट कोणी लिहिली? ४०० मिलिग्रॅमची एक गोळी गोलकृमीला पुरते, व्हिपवर्मला (चाबकासारख्या जंताला) कमी पडते आणि स्ट्राँगिलॉइडिसला पुरतच नाही.

शेवटच्या परिच्छेदातले ‘जंत आपले मित्र’ हे शब्द वाचून मला पेपर खाली ठेवावा लागला. डुकरांच्या व्हिपवर्मची अंडी क्रोन्सच्या (आतड्याला सतत सूज ठेवणाऱ्या आजाराच्या) रुग्णांना देऊन पाहिली गेली. सुरुवातीच्या लहान प्रयोगांनी आशा दाखवली, नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र खोट्या औषधापेक्षा फरक पडला नाही. अर्धीच गोष्ट छापून वाचकांना असलं काही सुचवू नये.

आणखी एक, आणि हे आजच दुरुस्त करा. आयव्हरमेक्टिनचं प्रमाण तुम्ही ‘वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम’ छापलं आहे. ते २०० मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम लागतं. तुमच्या हिशेबाने १२ ग्रॅम होतं, हजारपट. पेपरातलं कात्रण पाकिटात जपून ठेवणारी आणि त्यावरून औषध घेणारी माणसं मी लॅबच्या खिडकीवर रोज पाहिली आहेत. शुद्धिपत्र आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात नको. त्याच पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात द्या.

आपली,
एक जुनी वाचक (निवृत्त लॅब टेक्निशियन)