आवाज कुणाचे, हेही विचारा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे कुणी नसताना आवाज ऐकू येतात अशा मानसिक आजाराचा पेशंट आहे. ओपीडीत दर खेपेला त्याला विचारतात, "आवाज येतात का?" तो "हो" म्हणतो, गोळ्या लिहिल्या जातात, पुढचा नंबर पुकारला जातो. आवाज कुणाचे, काय सांगतात, हे कुणी विचारत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच विचारलं. कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई, प्रत्येक ठिकाणी २० पेशंट. अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत बहुतेकांचे आवाज परके, मारझोडीचं बोलणारे. आक्रात अनेकांशी देव बोलत होता. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना नात्यातल्या माणसांचेच आवाज येत. ते रागवत, पण घरातली कामंही सांगत.

माझ्या भावालाही वारलेली आत्या म्हणते, "जेवून घे रे." हा आवाज आणि "विहिरीत उडी टाक" म्हणणारा आवाज केसपेपरवर एकाच शब्दात संपतात. साहेब, पेशंटच्या जिवाला धोका किती, हे या फरकातून कळतं!

आणि हे सांगायचं कोणत्या भाषेत? मेळघाटातला कोरकू माणूस, गडचिरोलीतली गोंडी बोलणारी बाई नागपूरच्या मनोरुग्णालयात पोचेपर्यंत घरच्यांनी भुमका (आदिवासी गावातला मांत्रिक-वैदू), पुजारी सगळे पालथे घातलेले असतात. 'करणी', 'भानामती', 'बाहेरचं' हे शब्द ऐकून डॉक्टरांनी झिडकारलं, की ते लोक पुन्हा येत नाहीत आणि गोळ्याही सुटतात. साखळदंडाला मात्र माफी नको. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदी आहे. पण दर्ग्याशी भांडण न मांडता तिथंच उपचार देता येतात, हे गुजरातमधल्या मीरा दातार दर्ग्यानं दाखवलं आहे.

म्हणून मागणी अशी, की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या केसपेपरवर आवाज कुणाचा आणि काय सांगतो, याची नोंद सक्तीची करा. ती घ्यायला कोरकू, गोंडी, पावरी बोलणारे समुपदेशक त्याच भागातून नेमा. बुलढाण्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर उपचार पथक वर्षभर बसू द्या. आणि पहिल्या तपासणीला निदान अर्धा तास द्या.

कळावे,
एका पेशंटची बहीण