देवकी, आजी आणि आईचं भाषांतर

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की भांडल्यासारखं वाटतं. म्हणून लिहायला बसले. आईच्या आधी तुम्हीच वाचणार हे ठाऊक आहे, पण यातलं बरंचसं तिच्यासाठी आहे. वाचून झालं की लगेच तिच्या हातात द्या.

इकडे वडोदऱ्यात सगळं ठीक आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि काही दिवस डोळ्यांना ताण द्यायचा नाही, एवढंच पथ्य. वाचायचं नाही, टीव्ही नाही, त्यामुळे दुपार त्यांना जाता जाईना. म्हणून मी मोबाइलवर ‘तू तू मैं मैं’ ही सासू-सुनेची जुनी हिंदी मालिका लावून तो त्यांच्या उशाशी ठेवला. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. हिरवी पट्टी लावून, हात पोटावर ठेवून त्या पडल्या होत्या. रीमा लागूचा आवाज आला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यांचं पोट हसून हलायला लागलं.

मग मीही डोळे मिटून ऐकलं. आई, तूही एकदा असं ऐकून बघ. एरवी आपण तिचा चेहरा बघत बसतो, आणि चेहरा होताच तसा. पण तिनं केलेली सासू, देवकी, निम्मी आवाजात आहे. सुनेला टोमणा मारायच्या आधी ती आवाज मऊ करते, साय धरल्यासारखा. सुनेला, राधाला कळतं, आपल्याला कळतं, फक्त बिचाऱ्या मुलाला, रवीला कळत नाही. आणि उत्तर देण्याआधी ती थांबते. तेवढ्या थांबण्यात सासूबाई आधीच हसून मोकळ्या होतात.

मला तिचे सगळ्यात आवडते क्षण तेच, न बोलण्याचे. पदर नीट करताना तिरक्या नजरेनं सुनेकडे बघणं. सून जिंकली असं वाटतं तेव्हा मान जराशी वळवून पुढचा डाव शिजवणं. भांडण रंगात आलेलं असताना बाहेरचं माणूस मध्ये पडलं, की दोघींचा एकदम एक पक्ष होणं. ते झालं की मला लहानपणी का कोण जाणे फार बरं वाटायचं.

आता मोजलं तर नवल वाटतं. रीमा लागूचा जन्म १९५८चा, राधा झालेल्या सुप्रिया पिळगावकरचा १९६७चा. सासू सुनेपेक्षा अवघी नऊ वर्षांनी मोठी! १९९४मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा ही सासू छत्तीस वर्षांची होती, आज मी आहे त्याहूनही लहान. तरी एकदाही ती सासू वाटली नाही असं झालं नाही. केस पांढरे करून किंवा पाठीत वाकून आणलेलं वय नव्हतं ते. घरातल्या किल्ल्या जिच्या कमरेला असतात, तिच्यासारखी ती उभी राहायची. त्याच सुमारास दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’त ती कोकी होती. केकूचं लक्ष शेजारच्या प्रेमाकडे आणि प्रेमाच्या नवऱ्याचं, त्या दिलरुबाचं, कोकीकडे. तिथे ती किती शांत आणि प्रसन्न! कोकी आणि देवकी एकाच बाईनं केल्यात हे मला शाळेत असताना पटतच नव्हतं. बाबा, तुम्हीच मला समजावलं होतं, आणि वर अभिमानानं सांगितलं होतं की ही बाई मूळची नयन भडभडे, हुजूरपागेत शिकलेली, आपल्यासारखीच बँकेत नोकरी केलेली. युनियन बँकेत ती होती म्हणून तुम्हाला ती घरचीच वाटायची. आणि देवकीच्या नवऱ्याच्या कामात कुलदीप पवार, म्हणजे आपल्या कोल्हापूरचा माणूस. तो पडद्यावर आला की तुम्ही पेपर खाली घ्यायचात.

आता आई, तुझ्याशी बोलायचं ते.

तुला आठवतं ना, आजी आणि तू तेव्हा एकमेकींशी थेट बोलत नव्हतात. भांडण नव्हतं, पण बोलणं माझ्यामार्फत चालायचं. “तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय.” “आजीला विचार, कढी आंबट हवी की गोड.” दोघी त्याच स्वयंपाकघरात, चार हातांवर, आणि मी मधल्या उंबऱ्यावर पाचवीचं पुस्तक घेऊन बसलेली. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

मग केबल आली. तोवर मालिका दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरून स्टार प्लसवर गेली होती. मालिका असायची त्या दिवशी तू मेथीची जुडी घेऊन खाली सतरंजीवर बसायचीस आणि आजी खुर्चीत, अडकित्ता घेऊन. आजीला हिंदी येत नाही, म्हणून पहिल्यांदा तू मला सांगितलंस, “आजीला सांग काय म्हणाली ती.” मला कुठे जमायला तेवढ्या वेगानं! दोन वाक्यांत मी अडखळले, आणि वैतागून तूच सांगायला लागलीस. थेट आजीकडे बघून. “ती सासू म्हणतेय, माझ्या वेळेला आम्ही असं करत नव्हतो.” आजीचा अडकित्ता उघडाच राहिला, सुपारी आत तशीच. मग ती म्हणाली, “मग सून काय म्हणाली?”

तिथून ते सुरू झालं. देवकी बोलली की तू आजीला सांगायचीस, राधा बोलली की जास्तच रंगवून सांगायचीस. आजी कधी म्हणायची, “बरोबर बोलली राधी,” कधी म्हणायची, “न्हाई, हितं सासूचं खरं.” तुमच्या दोघींच्या तोंडून एकमेकींना उद्देशून एवढी वाक्यं मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

गेल्या पंधरा दिवसांत जेवढे भाग सापडले तेवढे मी ऐकले. आणि आई, मला एक गोष्ट कळली. तू सांगायचीस त्यातलं बरंच काही मालिकेत नव्हतंच. एक वाक्य मला पक्कं आठवतंय, कारण त्या संध्याकाळी बाबांना उशीर झाला होता आणि लाईट जाऊन आली होती. तू म्हणालीस, “सासू म्हणतेय, सून दिवसभर दमली, आज भाकरी मीच थापते.” मी सगळीकडे शोधलं. देवकी असं बोललेली मला कुठेही सापडली नाही. मालिकेतल्या त्या वर्मांच्या घरात भाकरी कुठली!

पण दुसऱ्या दिवशी आजीनं परात ओढून घेतली होती. काही न बोलता सात भाकरी थापल्या होत्या. शेवटची तव्यावर टम्म फुगली तेव्हा तिनं तुझ्याकडे बघितलं होतं आणि तू कोयंडा लावायच्या निमित्तानं दाराकडे वळली होतीस. मी उंबऱ्यावरच होते.

२०१७च्या १८ मेला सकाळी तुझा फोन आला होता. “अगं, देवकी गेली,” एवढंच म्हणालीस. हृदयविकाराचा झटका, वय अठ्ठावन्न, आदल्या दिवसापर्यंत चित्रीकरण चालू होतं, हे मला नंतर बातम्यांतून कळलं. तू फोनवर रडत होतीस. मी ऑफिसला निघण्याच्या घाईत होते, “अगं, एवढं काय” असं म्हणून फोन ठेवला. आजी २००९मध्ये गेली तेव्हा तू रडली नव्हतीस. पै-पाहुण्यांचं जेवण, दहावा, तेरावा, सगळं कोरड्या डोळ्यांनी निभावलं होतंस, आणि काही बायका त्यावर बोललेल्याही मी ऐकल्या होत्या. त्या सकाळी तू कुणासाठी रडत होतीस हे मला आत्ता, या वयात कळतंय. तेव्हा फोन ठेवायला नको होता. त्याबद्दल मला माफ कर.

आजी असतानाच, २०००नंतर, सासू-सुनांच्या मालिका वाढल्या, पण त्यांत विष कालवणं आलं, कटकारस्थानं आली. आजीनं त्या बघितल्या नाहीत. “ह्यांच्यात त्यो जीव न्हाई,” म्हणायची. सचिननं दिग्दर्शित केलेल्या ‘तू तू मैं मैं’च्या भांडणांत कुणी कुणाचा नाश करत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना पुन्हा त्याच ओट्याशी उभं राहायचं असायचं.

सासूबाईंना मी तुझ्या भाषांतराची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “उद्यापासून मलाही तसंच सांग. मला दिसत नाहीये, काय चाललंय ते तूच सांग.” काल मी सुरुवात केली. देवकी राधाला काय म्हणाली ते सांगता सांगता मीही एक वाक्य पदरचं घातलं. काय घातलं ते दिवाळीत भेटल्यावर सांगेन.

आजीचा अडकित्ता फडताळात असेल तर घासून ठेव, मला हवाय. बाबांनी बीपीची गोळी रात्री न विसरता घ्यावी. भडंग पाठवू नका, मी येईनच.

आणि बाबा, एक विचारायचं राहिलं. आजी लग्नाआधी मावशीबरोबर टॉकीजला जाऊन हिंदी सिनेमे बघायची, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतं. मग तिला हिंदी खरंच कळत नव्हतं का?

तुमची,
मनू