बसऱ्याला पोचल्यावर वाच

चि. ओंकार,

एअरपोर्टवर तोंड फिरवून गेलास ते गेलास, आजी अजून विचारतेय पोरगं जेवून गेलं का. तिकडं इराकमध्ये आपला माणूस अडकला होता म्हणून पासपोर्ट कोणाकडे ठेवायला देऊ नको, असं मी एकदाच बोलले, तर म्हणालास, "आई, 1916 चं काय घेऊन बसलीस."

घेऊन बसले कारण बसऱ्याचं नाव काढलं की नाना गप्प होतात. त्यांचे थोरले चुलते, आपले आबा, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या 103 मराठा पलटणीत होते, इराकमधल्या कुतला अडकले. डिसेंबर 1915 पासून तुर्कांचा वेढा, 147 दिवस. धान्य संपत आलं, घोडी कापायला लागले, आपली माणसं कितीतरी दिवस त्या मांसाला शिवली नाहीत, नुसती हाडं राहिली. 29 एप्रिल 1916 ला त्यांचा इंग्रज जनरल टाऊनशेंड यानं हत्यारं टाकली आणि 13,000 च्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. साहेब लोक बोटीनं बगदादला, शिपाई उन्हातनं पायी. टाऊनशेंड पुढं इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला, याचा मला आजही संताप येतो बघ. आपले आबा कैदेत, सीरियातल्या रास अल ऐनला रेल्वेच्या कामावर असताना वारले, एवढंच घरात माहिती.

म्हणून म्हणते, पासपोर्ट कंपनीवाल्यांनी मागितला तर दाखव, ठेवायला देऊ नको. शेजारच्या सुरेशचा दुबईत सहा महिने ठेवून घेतला होता ना. बरं राहू दे, तू शिकलेला आहेस, मला काय कळतंय त्यातलं. लेक्चर झालं, सॉरी.

देव्हाऱ्यातली ती ब्राँझची चकती आठवते, आबा गेल्यावर इंग्रज सरकारनं पाठवलेली? तू स्टीअरिंग म्हणून फिरवायचास, आजी काठी घेऊन मागं. तिनं चिंचेनं घासून घासून सिंहाचं तोंड सपाट केलंय पण आबांचं नाव वाचता येतं. हुद्दा नाही, नुसतं नाव. आणि बसऱ्याच्या स्मारकावर उलटं, 40,000 च्या वर माणसांचं स्मारक, गोऱ्यांची नावं कोरलेली, आपल्या साध्या शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा. 1997 ला सद्दामनं ते उचलून नासिरियाच्या रोडला 32 किलोमीटरवर नेलं म्हणे. सुट्टी मिळाली तर जाऊन ये. नाही, नकोच, एकटा जाऊ नको. कंपनीची गाडी आणि तिथला कोणी माणूस बरोबर असेल तरच जा, 103 मराठा लिहिलंय तिथला फोटो काढ, नानांना मोबाईलवर मोठा करून बघायचाय. ते म्हणत नाहीत पण बघायचाय. तुझ्या ऑफर लेटरवरचं सेफ्टी इंजिनिअर त्यांनी वाण्याला पण वाचून दाखवलंय.

पासपोर्टच्या दोन झेरॉक्स निळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहेत, मेतकुटाच्या डब्याखाली. डबा सांडला असेल तर आधी त्या पुसून घे. आणि नंबर लागला की आजीला फोन कर, मला नंतर केलास तरी चालेल.

आई